माफी मागणारं पान

अनोळखी नंबरावरून फोन आला, तेव्हा अबोली ऑफिसात नुकताच डबा उघडत होती.

"मॅडम, तुमची साइट नुसती माफीच मागून राहिली! काम काहून नाही करून राहिली?"

"कोण बोलतंय?"

"श्याम. बार्शीटाकळीहून. लिंबाच्या रोपवाटिकेवाला."

आता आली पंचाईत! अमरावतीच्या एका छोट्या कंपनीत बसून ह्या रोपवाटिकेची बुकिंगची साइट अबोलीनंच बांधली होती. काही बिघडलं तर गिऱ्हाइकाला एक गोड पान दिसावं, 'क्षमस्व, थोड्या वेळाने प्रयत्न करा, अथवा या नंबरवर फोन करा', ही सोयही तिचीच. चाचणीपुरता तिथं स्वतःचा नंबर टाकला होता, तो बदलायचा राहून गेला.

"तुमचं पान बोलते लय गोड," श्याम म्हणाला, "पण रोग काय आहे, ते सांगतच नाही. डॉक्टरनं नुसतं हसून घरी धाडल्यावानी!"

बोट नेमकं दुखऱ्या जागेवर पडलं होतं. कुठलीही चूक आली की तिचा प्रोग्राम माफीचं पान दाखवायचा आणि खरं कारण गिळून टाकायचा.

"मी बघते, श्यामभाऊ," ती म्हणाली. वऱ्हाडात भेटेल तो भाऊच!

मग फोन सुरू झाले. खरं कारण कुठंतरी नोंदलं जावं अशी तजवीज ती करी. तो गिऱ्हाइकांना पुन्हा फॉर्म भरायला लावी. आणि मधल्या वेळात...

"जेवल्या का?"

"हो. वांग्याची भाजी."

"मंग तोंड काहून वाकडं?"

"फोनवर दिसतं तुम्हाला?"

"आयकू येते न..."

दोन दिवसांनी नोंदीत कारण सापडलं – गिऱ्हाइकानं भरलेला मोबाइल नंबर चुकीचा. "तुमच्या लोकांना स्वतःचा नंबर येत नाही का हो?" अबोलीनं चिडवलं.

"थांबा, खुशालरावकाका रोपं घ्याले आले आहेत. त्यायच्या बाजूलेच उभा राहून पाहतो... मॅडम! काका तं मराठीत आकडे टाकून राहिले!"

अबोलीनं कपाळावर हात मारला. प्रोग्रामला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. मराठी आकडा दिसला की तो गडबडायचा आणि माफी मागून मोकळा व्हायचा.

दुरुस्ती चार ओळींची. तरी तिचा हात थबकला... साइट सुधारली की फोन बंद. 'जेवल्या का' बंद. उद्या केली तर? पण तिकडं त्याचं बुकिंग बुडत होतं. तिनं स्वतःलाच दटावलं, दुरुस्ती केली आणि पानावरचा आपला नंबर काढून त्याचा टाकला.

"झालं, श्यामभाऊ."

"झालं?... बरं."

आठवडा सुनासुना गेला. फोन वाजला की ती झडप घाली, आणि निघे कर्ज घ्या म्हणणारी बाई.

शनिवारी ऑफिसच्या दारात एक उन्हानं रापलेला तरुण उभा राहिला. हातात काळ्या पिशवीतलं लिंबाचं रोप.

"तुमचं पान यावं म्हणून मुद्दाम चुका करून पाहिल्या," तो म्हणाला, आणि तो आवाज अबोलीनं लगेच ओळखला. "शेवटी आलं एकदाचं. पण त्याच्यावर माझाच नंबर! लावला, तं एंगेज!"

तिला हसू आवरेना. "माझा नंबर होता की तुमच्याकडे."

"होता. पण फोन कराले कारण नव्हतं..." त्यानं रोप ह्या हातातून त्या हातात घेतलं. "आता गिळत नाही, सांगूनच टाकतो. तुमच्याशी बोलल्याबिगर करमत नाही मले."

"क्षमस्व," अबोली हळूच म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"...फोन मीच करायला हवा होता. मलाही करमत नव्हतं, श्यामभाऊ."

"पानावरून तुमचा नंबर काढला, त्याले म्या काही म्हटलं नाही," रोप तिच्या हाती देत तो म्हणाला, "पण आता ते 'भाऊ' तेवढं काढा न!"

अबोली लाजली. रोप छातीशी धरून ती म्हणाली, "चहा घेणार?" मग थोडं थांबून, अगदी जपून –

"श्याम?"