राहून गेलेला खुलासा

लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली, तेव्हा आत एक मुलगी होती, एक मुलगा होता आणि एक जबडा होता.

जबडा प्लास्टरचा. मुलाच्या हातातल्या ट्रेमध्ये, कापसावर, आजारी माणसाला निजवावं तसा अलगद ठेवलेला. मुलीने आधी जबड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि मग... लिफ्टच्या छताच्या चारही कोपऱ्यांकडे.

“काय शोधताय?” मुलाने विचारलं.

“कॅमेरा.”

“लिफ्टमध्ये?”

“असू शकतो.”

आता तुम्ही म्हणाल, लिफ्ट अडकल्यावर माणूस घंटा शोधतो, ही कॅमेरा का शोधत होती? त्यासाठी आधी ही इमारत समजून घ्यायला हवी. इथे सगळी संशोधक माणसं. तळघरात भौतिकशास्त्रवाले. त्यांचं एक यंत्र इतकं नाजूक, की लिफ्टच्या मोटरचा थरथराटही त्याला सोसत नसे. म्हणून मोजमाप सुरू करण्याआधी ते लिफ्ट बंद करत. तशी पाटी लावायची असते, ती ते हटकून विसरत. तळमजल्यावर सार्वजनिक आरोग्यवाले, साथी कशा पसरतात याचा हिशोब मांडणारे. दुसऱ्या मजल्यावर माणूस मुळात आला कुठून हे शोधणारे, म्हणजे जबडेवाले. आणि पहिल्या मजल्यावर मानसशास्त्रवाले, तिथेच आपली मुलगी काम करायची.

मानसशास्त्राची एक अडचण असते. ‘तुम्ही दुसऱ्याला मदत करता का, ते आम्ही बघतोय’ असं सांगितलं, तर जो तो बाह्या सरसावून मदतीला धावेल. म्हणून सांगायचं एक आणि बघायचं दुसरं. त्यासाठी आपलंच माणूस अनोळखी म्हणून शेजारी नेऊन बसवायचं. अशा माणसाला तिथे ‘पेरलेला माणूस’ म्हणत. पण एक नियम मात्र कडक होता. प्रयोग संपला की समोरच्याला सगळं खरं सांगायचं. त्याला म्हणायचं खुलासा. खुलासा दिल्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडायचं नाही.

आपली मुलगी स्वतः कितीतरी वेळा पेरली गेली होती. ती अनोळखी लोकांसमोर अडखळली होती, वाट चुकली होती, हुंदके देऊन रडली होती. त्यामुळे तिच्याशी कुणी बरं वागलं, की तिला पहिली शंका हीच यायची – याला पेरलाय. घरी तर तिला लहानपणापासून ‘फौजदार’च म्हणत.

आणि लिफ्टमधला हा मुलगा जरा जास्तच बरा वागत होता.

“घाबरू नका,” तो हळू आवाजात म्हणाला. “पंधरा-वीस मिनिटांत सोडतील. बसायचं असेल तर बसा. मी काही विचारत नाही.”

“काय विचारणार होतात?”

“काहीच नाही. म्हणून तर सांगितलं.”

त्याच्या कोटाला चुन्याच्या धुळीचा वास होता, आणि त्याखाली कसलातरी आंबटगोड... तिला तो वास ओळखीचा वाटला. पण आठवेना. मग तिला त्याचाही संशय आला.

*

“त्याला दातवाला म्हणतात,” ताईने खबर आणली. तिची ही थोरली बहीण तळमजल्यावर आरोग्यवाल्यांकडे होती आणि इमारतीत काय पसरतंय हे तिला सगळ्यांआधी कळायचं, मग तो खोकला असो की बातमी. “नवीनच आलाय. आदिमानवाचे दात बघतो. एकटा आहे, सरळ आहे आणि हात धुतो. आणखी काय हवं गं तुला?”

“ताई, तो रोज जिन्यात भेटतो.”

“एकच जिना आहे, फौजदार.”

“रोज विचारतो, ‘आज बरं आहे ना?’ परवा विचारलं, ‘झोप लागते ना?’ मी काय आजारी आहे? काचेचं भांडं असल्यासारखा बघतो माझ्याकडे.”

“आणि तुला ते आवडत नाही?”

फौजदारने घड्याळात पाहिलं. ताई हसली. “तुला कुणी नुसता नमस्कार केला, तरी तू वळून बघतेस, त्याला कुणी शिकवून पाठवलाय का म्हणून. असं करत करत म्हातारी होशील, आणि तुझा नवराही शेवटपर्यंत तुला पेरलेलाच वाटेल. आधी मिळायला तर हवा म्हणा.”

पण तिच्या संशयाला आधार होता. मानसशास्त्राच्या प्रमुख बाई जिन्यात समोरून आल्या, की दातवाल्याचा चेहरा दगडासारखा व्हायचा. इमारतीतल्या शिपायाचीही वाकून विचारपूस करणारा हा मुलगा बाईंसाठी दारसुद्धा धरत नसे. आता इतकं तुटक कोण वागतं? ज्यांची आतून ओळख असते आणि ती लपवायची असते, तेच. म्हणजे बाईंनीच हा प्रयोग मांडलाय. विषय काय असेल, तेही तिने ओळखलं. संशयी माणूस प्रेमात पडतो का?

म्हणजे ती प्रेमात पडत होती, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

*

एका दुपारी ती खुद्द त्याच्या खोलीत जाऊन धडकली. म्हटलं, बघू तरी, खरंच दात बघतो की नुसताच ट्रे घेऊन फिरतो. खिडकीतून अवेळी पावसाची भुरभुर आत येत होती आणि तो भिंगाखाली दाढ धरून बसला होता.

“या ना! हे बघा... इथे, आडवी रेघ दिसते?”

तिने भिंगाला डोळा लावला. त्याचं डोकं तिच्या डोक्याजवळ आलं आणि लगेच, लाजून, मागे गेलं.

“दाताचं कवच लहानपणी बनतं. थरावर थर चढत जातात,” तो सांगू लागला. “मूल फार आजारी पडलं, की थर अडखळतो. तिथे रेघ उमटते आणि जन्मभर राहते. हा माणूस तीन-चार वर्षांचा असताना मरणाच्या दारात होता. पण रेघेच्या पुढे बघा. थर पुन्हा नीट आहेत. तो जगला, मोठा झाला.”

“मग?”

“मग काय? कुणीतरी त्याला उचलून फिरलं असेल. भरवलं असेल. रात्रभर शेजारी बसलं असेल.”

“किंवा आपोआप बरा झाला असेल.”

“एवढंसं पोर, उघड्या माळावर, आपोआप?” तो हसला. “तुम्ही फार कडक परीक्षक आहात हो.”

“आणि तुम्ही फार लवकर विश्वास ठेवता.”

“दातांवर ठेवावाच लागतो. ते खोटं बोलत नाहीत.”

“आणि माणसांवर?”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता... पण बोलला नाही. “आज बरं आहे ना तुम्हाला?” एवढंच म्हणाला.

जिना उतरताना ती स्वतःचा मजला चुकली. तिने स्वतःला बजावलं – छान बोलतो, पाठ केलेलं असणार.

मग तिने सापळा लावला. ताईला सांगितलं, “मला कॉफी सोडायचीय.” बाईंना सांगितलं, “माझं डोकं फार दुखतं हल्ली.” आता यातलं जे त्याच्या तोंडून निघेल, त्यावरून त्याला कुणी पेरलं ते कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. तिच्या कपाळावर आठी होती, कारण सापळ्याच्या काळजीने तिला झोपच लागली नव्हती.

“डोकं दुखतंय का?” त्याने विचारलं.

झालं! पुरावा मिळाला! बघा हं, आपल्याला हवा तसाच पुरावा मिळाला, की तो उलटून बघायचं भानच आपल्याला राहत नाही. तिलाही राहिलं नाही.

“एक विचारायचं होतं,” तो चाचरत पुढे म्हणाला. “दूरच्या एका उत्खननावर बोलावलंय मला. तीन वर्षांसाठी. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी... म्हणजे तुम्हाला काय वाटतं? जाऊ?”

पेरलेला माणूस कुठे जातो? कुठेच नाही, असं तिच्या मनात आलं. हा शेवटचा डाव असणार. ‘नका जाऊ’ म्हटलं, की पलीकडे कुणीतरी खूण करणार.

“जा की,” ती म्हणाली. “चांगली संधी आहे.”

त्याने मान हलवली, नीट हसला आणि वर गेला. पेरलेल्या माणसाची पावलं इतकी जड पडत नाहीत. हे तिला माहीत होतं. कामच होतं ते तिचं.

*

ती तशीच बाईंच्या खोलीत शिरली. “बाई, पुरे झालं. संपवा तो प्रयोग. मला खुलासा हवाय.”

बाईंनी चष्मा काढला. “कसला प्रयोग?”

“दातवाला.”

“तो उद्धट मुलगा? परवा माझ्या नाकावर दार आपटलं त्याने. त्याला पेरून मी काय बघणार, माझा रक्तदाब?” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून बाईंचा आवाज उतरला. “बस. अगं, खुलासा न देता मी कुणाला ताटकळत ठेवते का? इतक्या वर्षांत एकदाच राहिला. गेल्या वर्षी निळ्या खोलीत तू रडणारी मुलगी झाली होतीस ना? त्यात तळघरातल्यांनी धूर केला, घंटा वाजली, सगळे बाहेर पळाले. एक जण तसाच निघून गेला. पाहुणा होता कुठल्या तरी संस्थेचा. आपण नावं टिपत नाही, म्हणून शोधताही आला नाही. तोच गं, तो संत्रंवाला.”

संत्रं.

त्या खोलीत तिला मान खाली घालून रडायचं असे, त्यामुळे कुणाचे चेहरे दिसत नसत. दिसत ते फक्त बूट आणि हात. काही हात खिशात जात, काही घड्याळाशी चाळा करत. एकाच माणसाचे हात वेगळे होते. नखांत पांढरी धूळ. त्या हातांनी संत्रं सोललं, अर्धं तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं, आणि वरून आवाज आला होता, ‘रडून घ्या. मी इथेच बसतो. काही विचारत नाही.’

“बाई,” ती उठत म्हणाली, “तो खुलासा मी देऊन येते.”

*

लिफ्ट बंद होती. जिना चढून ती त्याच्या दारात पोचली, तेव्हा तिला धाप लागली होती. तो टेबलाशी बसला होता. समोर तोच जबडा.

“कळवलंत त्यांना?”

“कळवतोच आहे.”

“आधी ऐका. गेल्या वर्षी, खाली, निळ्या खोलीत तुमच्या शेजारी एक मुलगी रडत होती.”

तो उभा राहिला. “तुम्हाला आठवतं? मी मुद्दाम विषय काढला नाही. म्हटलं, जुनं दुखणं कशाला उकरायचं. इथे आलो आणि लिफ्टमध्ये तुम्ही दिसलात. वाटलं, बाईच तुम्हाला छळत असतील...”

“मी रडत नव्हते.”

“डोळे लाल होते.”

“कांद्याचा रस. रुमालाला लावायचे. तो प्रयोग होता. तुम्ही विचारपूस करता का, ते बघायचं होतं. शेवटी खरं सांगायचं असतं, पण घंटा वाजली. हा खुलासा. वर्षभर उशिरा.”

तो हळूहळू खाली बसला.

“म्हणजे मी वर्षभर एका कांद्याची काळजी केली.”

“हो.”

“आणि बाईंच्या नाकावर दार आपटलं.”

“त्यांच्या लक्षात आहे ते.”

तो हसेल असं तिला वाटलं. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग, अगदी सावकाश, छताच्या कोपऱ्यांकडे.

“आणि हे आत्ताचं?” त्याने विचारलं. “धापा टाकत येणं, हे बोलणं – हेही कुणी सांगितलंय का?”

इतके दिवस ती ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होती, ती नजर आता तिच्यावर आली होती. केवढी बोचते ही, तिला वाटलं. आणि याने ती रोज सोसली, वर ‘बरं आहे ना’ म्हणून विचारलं.

“पुरावा नाही माझ्याकडे,” ती म्हणाली. “तळघरातल्यांकडे यंत्र आहे, तुमच्याकडे दात आहेत. माझ्याकडे काहीच नाही. फक्त आणखी एक खुलासा आहे. मघाशी मी ‘जा’ म्हटलं. खरं होतं... ‘नका जाऊ’.”

त्याने समोरचा जबडा जरा बाजूला सरकवला.

“आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा नियम आहे,” तिने कसंबसं पुढे रेटलं. “सगळं कळल्यावर तुम्हाला तुमचा सहभाग मागे घ्यायचा असेल, तर घेता येतो. आम्ही सगळं पुसून टाकतो. रागावत नाही. घ्यायचाय?”

त्याने खण उघडला. संत्रं काढलं. नखांत पांढरी धूळ असलेल्या बोटांनी ते सोलू लागला. साल निघत गेली तसा तो आंबटगोड वास खोलीभर पसरला. त्याने संत्र्याचे दोन भाग केले आणि एक जबड्याच्या अलीकडे, तिच्या बाजूला ठेवला.

“नाही,” तो म्हणाला. “राहू दे सहभाग.”

“आणि ते उत्खनन?”

“सांगतो त्यांना, उन्हाळ्यापुरता येईन आणि परत जाईन. ते दात लाखो वर्षं थांबलेत. ते कुठे पळून जातात?” मग तो पुढे झुकला. “तुझे डोळे लाल झालेत.”

“कांदा नाहीये,” ती घाईघाईने म्हणाली आणि खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. “हवं तर हुंगून बघ.”

त्याने रुमाल घेतला. हुंगला नाही. त्याची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.