सहा मिलिमीटर

तिच्या गळ्याकडे पाहून ज्याने नजर चुकवली नाही, असा तो पहिलाच पुरुष. याला प्रेमाचा आरंभ म्हणावे की उद्धटपणा, यावर वाद होऊ शकेल. त्या क्षणी तिने दुसरा पक्ष स्वीकारला.

तो शिवणकामाच्या दुकानात कोटाची बाही आखूड करून घ्यायला आला होता. ती तिथे कापड बेतत असे. तिच्या मानेभोवती मोजपट्टी होती आणि पट्टीच्या आड, उजव्या हंसळीच्या हाडावर, बोटभर लांबीचा फुगलेला, तकतकीत व्रण. दीड वर्षापूर्वी वाफेच्या इस्त्रीने भाजले होते. जखम भरली, पण कातडीला थांबणे ठाऊक नव्हते. भरलेल्या जागेवर ती भर घालतच राहिली. एकदा तो व्रण कापून काढला, तर दुप्पट होऊन परतला.

"काय बघताय?" तिने विचारले.

"कडा लाल आहे. खाजतो ना? अजून वाढतोय तो."

"बाही आखूड करायचीय की जीभ?"

"दोन्ही करा," तो हसला, "पण आधी बाही. जिभेचं काम जास्त आहे."

तो त्वचेच्या दवाखान्यात रेडिओ-लहरींचे यंत्र चालवीत असे. अशा व्रणावर तिथे इलाज होतो, एवढे सांगून तो गेला. पुढच्या आठवड्यात ती त्या दवाखान्यात जायला निघाली, तेव्हा मावशीने दारातच अडवले.

"इलाज इलाजाच्या जागी. केस कशाला धुतलेस?"

"अगं मावशी, डॉक्टरांकडे जाताना स्वच्छ नको जायला?"

"डॉक्टर गळा बघणार आहेत. केस बघणारा कोण, तेवढं सांग."

इलाज महिन्यातून एकदा होई. आधी तो कॅलिपरच्या थंड चिमट्यात व्रण धरून त्याची जाडी मोजी आणि वहीत लिही. मग डॉक्टरबाई जागा बधिर करून व्रणात सुई घालीत. तो यंत्राची कळ फिरवी, सुईतून वीज जाई आणि व्रण आतून तापून भाजला जाई. खोलीत जळक्या नखासारखा वास पसरे. शेवटी त्याच जागी औषधाचे इंजेक्शन. औषध किती द्यायचे आणि पुन्हा कधी बोलवायचे, हे बाई केवळ त्याच्या वहीतल्या आकड्यावरून ठरवीत. त्याच्या मोजमापावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. घेण्याचे कारणही नव्हते.

पहिल्या खेपेस नऊ मिलिमीटर. दुसऱ्या खेपेस आठ.

"शिवणमास्तरीणबाई, आज सात!" तिसऱ्या खेपेस तो म्हणाला.

"एक तरी कमी करा."

"आकड्यांत घासाघीस चालत नाही आमच्याकडे."

"आमच्या दुकानात तर करून गेलात!"

"तिथे माझी बाही होती. इथे तुमचा गळा आहे," तो म्हणाला, आणि हे वाक्य आपल्या तोंडून जरा जास्तच हळू निघाले, हे त्याच्याही ध्यानात आले.

चौथ्या खेपेस कॅलिपर सातवरच अडला. खरे तर सातच्या किंचित पुढे गेला. तिने डोळे घट्ट मिटले होते.

"किती आहे रे?" तिने विचारले.

ते 'रे' तिच्या तोंडून प्रथमच आले होते. तो क्षणभर घुटमळला...

"सहा," तो म्हणाला आणि सहाच लिहिले.

बाई प्रसन्न झाल्या. त्यांनी औषध निम्मे केले आणि पुढची खेप एका महिन्याऐवजी दोन महिन्यांनी ठेवली. ते दोन महिने मात्र दोघांचे होते. सुट्टीच्या दुपारी ती दोघे कालव्याकाठच्या बाकावर बसत. डावीकडे मान वळवली की तिचा व्रण ओढला जाई, म्हणून तो न सांगता तिच्या उजवीकडे बसू लागला. तिने त्याला बटण लावायला शिकवले. ते त्याने तीनदा उलटे लावले, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम.

पाचव्या खेपेस कॅलिपर दहावर थांबला. व्रणाने आपली जुनी कड ओलांडली होती आणि तो घशाच्या दिशेने निघाला होता. त्याच्या हातातली लेखणी वहीवर टेकेना.

"मागच्या वेळी सात होतं," तो म्हणाला. "सातच्याही वर. मी... सहा लिहिलं."

"ठाऊक आहे."

"काय?"

"दिवसभर चिमटीत कापडाचे थर धरते मी. किती थर आहेत, ते न बघता सांगते. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत दोनदा चाचपून पाहिलं होतं. सातच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या मायेनं सहा म्हणालास... मला ते सातपेक्षा बरं वाटलं."

कोणी म्हणेल, दोष त्याचा. वही त्याची होती. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. औषध दोघांनी मिळून निम्मे केले होते.

दोघांनीही बाईंना सारे सांगितले. बाईंनी वही पुढे ओढून तो आकडा खोडला. मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. पण तेव्हा होती तेवढी आशा आता नाही. खोटा धीर देणार नाही मी." तिच्या व्रणाला यापुढे त्याने हात लावायचा नाही, असेही त्यांनी ठरवले.

बाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीशी उभा होता.

"लग्न करशील माझ्याशी?"

"इथे विचारतोस? स्पिरिटच्या वासात?"

"दुसरीकडे विचारायचा धीर उरणार नाही."

"मान न वळणारी बायको चालेल तुला?"

"चालेल काय, पळेल!"

ती हसली. हसताना व्रण ओढला गेला आणि हात आपोआप गळ्याशी गेला. नंतर ती हसली नाही.

"हो म्हणावंसं वाटतंय रे... फार वाटतंय. म्हणूनच नाही म्हणते."

"हे कसलं उत्तर?"

"उद्या हा घशापर्यंत येईल. मी विचारेन, कशी दिसते? तू म्हणशील, छान. आणि बोटांना सगळं कळत असूनही मी तेच खरं धरून बसेन. आपण दोघं तसेच आहोत."

आतून परिचारिकेने हाक मारली.

परिचारिकेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेही नाही. व्रण चिमट्यात धरला, काट्यावर नजर टाकली आणि मोठ्याने म्हणाली, "दहा."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.