लाल वायरवरची पट्टी

मोबाइल ठेवा बाजूला. आणि मध्ये तोंड घालायचं नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. किसननं माझ्यापुढं बसून सांगितलीय, आणि तो थापा मारणारा माणूस नाही.

किसन आपल्या कॅम्प पाचमधला जुना वायरमन. पोरगी माया आयटीआय करून बापाच्याच हाताखाली लागली. मल्टिमीटरच्या बाबतीत पोरगी भारी खडूस. आधी चालू पॉइंटवर लावून बघायचं, मीटर खरं बोलतोय का. मग कामाच्या जागी. मग परत चालू पॉइंटवर. दर एक तारखेला त्याच्या वायरी वाकवून तपासायची आणि लाल वायरवर पांढरी चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. पट्टी दातानं तोडायची. किसन म्हणायचा, मीटरचं बारसं करतेस काय गं?

मागच्या सप्टेंबरच्या एक तारखेला ती वायरी तपासायला बसली, तर कामाची घाई म्हणून यानं मीटर हातातून ओढून घेतला. अकरा तारखेला आनंदनगरच्या एका कारखान्यात त्याच मीटरनं शून्य दाखवलं, म्हणजे करंट नाही. वायर आतून तुटलेली, कुणाला ठाऊक? माया म्हणाली, बाबा, चालू पॉइंटवर बघून येते. हा खेकसला.

"लाव हात. मी बघितलंय ना."

तिनं लावला.

पोरीला पोचवून आल्यावर सहा महिने किसननं पक्कड धरली नाही. मग एकवीस मार्चला, शुक्रवारी, खरवईच्या एका बिल्डिंगचा पंप बंद पडला. वॉचमन धोंडिबा ओळखीचा, फारच गळ घातली त्यानं. किसननं वाटेत नवा मीटर घेतला आणि गेला.

रात्रीचे पावणेनऊ. पंप जिन्याखालच्या खोलीत, धोंडिबा लांब गेटवर. किसननं पंपाचा मेन स्विच पाडला, टॉर्च फळीवर ठेवला, मीटर लावला. शून्य.

जिन्यातला चालू पॉइंट दोन पावलांवर होता. नाही गेला. मला म्हणाला, मनात आलं, शॉक लागला तर लागला.

हात पुढं केला.

चर्रर्र...

पाठीमागं. रोलवरून पट्टी सुटल्याचा आवाज.

हात तिथंच थांबला.

मग... कट्. दातानं तोडल्यासारखा.

"माया?"

नळ ठिबकत होता... तोही थांबला.

"माया... मी बघितलं नव्हतं गं."



मग उठून जिन्यातल्या पॉइंटवर मीटर लावला. तिथंही शून्य. वर दिवा जळतोय आणि मीटर म्हणतोय शून्य! बटण बघितलं, तर डीसीवर, बॅटरीच्या करंटवर. चष्मा न लावता फिरवलेलं. एसीवर घेतलं, दोनशे तीस. परत पंपाच्या पॉइंटवर लावला.

दोनशे तीस.

मेन खाली होता, पण स्विचच्या आत एक फेज चिकटून राहिलेला, करंट चालूच.

मीटर बंद करून त्यानं वायरी गुंडाळायला घेतल्या. दोन तासांपूर्वी पाकिटातून काढलेल्या, कोऱ्या. लाल वायरवर पांढरी पट्टी होती. पेनानं लिहिलेलं, २१ मार्च. एकाच्या आकड्याची शेपटी लांब ओढलेली... माया ओढायची तशी.

पट्टी मी हातात घेऊन बघितलीय. कडेला दातांच्या खुणा आहेत.

किसनचे पुढचे दात पडून दहा वर्षं झाली.