गॅसचा वास

नवरा जाऊन आठ दिवस झाले, तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. गुप्तहेरापुढे ती पाढे म्हणावेत तशी बोलली. सकाळचं दाट धुकं, पायी निघालेला नवरा, उडवून पळालेली गाडी. झाडूवालीला गाडी दिसली नाही, पण गॅसचा भपकारा आला.

"गॅसवर चालते म्हणून पोलीस यांच्या गॅरेजमधल्या भागीदाराच्या गाडीमागे लागलेत. पण तो तसा नाही."

गुप्तहेर आपल्या जुन्या मित्राला, मास्तरांना, घेऊन गॅरेजवर गेला. तीही गेली.

"महिनाभर इथे गावात गॅस मिळत नाही, साहेब," भागीदार म्हणाला. "पेट्रोलवरच चालवतोय."

"फरक काय पडतो?" मास्तरांनी विचारलं.

"गॅस स्वस्त. स्वच्छ जळतो, इंजिनातला प्लग गोरा राहतो. पेट्रोल काजळी धरतं, पण चढाला दम देतं. शिवाय गॅसची टाकी डिकीत स्टेपनीची जागा खाते."

गुप्तहेराने त्याच्या गाडीचा प्लग काढला. काळाकुट्ट.

तिच्या घरी परतले, तेव्हा धाकटा दीर तिथेच होता. परगावचा, बातमी कळली तसा त्याच संध्याकाळी आला, तो हललाच नव्हता. अंगणातल्या त्याच्या गाडीचा एकच दिवा नवा चकचकीत होता. मागच्या सीटवर स्टेपनी पडली होती.

"गॅस?" गुप्तहेराने विचारलं.

"छे! जन्मात पेट्रोलशिवाय काही प्यायली नाही ती."

गुप्तहेराने याही गाडीचा प्लग काढून रुमालावर घासला. डाग पडला नाही.

"म्हणजे भागीदारच ना?" मास्तर म्हणाले.

"त्याचा प्लग काळा, मास्तर. तो खरं बोलतोय. ही गाडी मात्र परवापरवापर्यंत गॅसवर होती. धडकेनं दिवा फुटला, बॉनेटखालची गॅसची नळी फुटली, म्हणून वास. मग पेट्रोलवर टाकून पळ काढला; तेवढ्यानं प्लग काळा होत नाही. टाकी घाईनं उतरवली. स्टेपनी डिकीत परत ठेवायचं राहून गेलं."

दीर अंगणातच खाली बसला.

"तुमच्याकडेच येत होतो, वहिनी. धुक्यात दिसलंच नाही. उतरून पाहिलं, तर दादा."

"जिवंत होते?"

त्याने मान हलवली. "पाणी मागत होता."

"मग?"

"गाडीत बाटली होती, वहिनी. पण मी घाबरलो."

मास्तर पोलिसांना फोन करायला आत गेले. तिने खुर्ची ओढली आणि दिरासमोर बसली. तो हुंदके देत होता. ती ऐकत होती. तिच्या आत काहीच हललं नाही.