चौथ्या मैलापुढची काच

लग्नाला तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. माझा नवरा टकर केंटकीच्या डोंगरांत काचेच्या तंतूंच्या केबली सांधतो. त्या दिवशी त्याचा जोडीदार आजारी पडला, म्हणून सोबत मी. निघताना सासूबाई म्हणाल्या, "काच केसाइतकी बारीक असते गं. शिंकू नकोस म्हणजे झालं." संसाराबद्दल त्यांनी मला दिलेला हा एकमेव सल्ला.

दुपारी टकरने मला केबल जिथून सुरू होते त्या पत्र्याच्या केबिनमध्ये, प्रकाश सोडून तंतूची लांबी मोजणाऱ्या यंत्राजवळ बसवलं आणि तो गाडी घेऊन अकरा मैल आत, खोऱ्याच्या टोकाला निघाला. तिथे मोबाईल लागत नाही. बोलायचं ते केबलमधल्याच एका तंतूवरून, हेडसेट लावून. जाताना त्याने बजावलं, "मी माझं नाव सांगितल्याशिवाय चाचणीचा प्रकाश सोडायचा नाही. दिसत नाही तो, पण टोकात डोकावणाऱ्याचा डोळा जाळतो."

बाहेर बर्फाळ पाऊस पत्र्यावर नखं वाजवत होता. साडेतीनला हेडसेट खरखरला.

"पोचलो. सोड."

आवाज टकरचाच. स्वतःच्या नवऱ्याला नाव काय विचारायचं? मी हसले आणि बटण दाबलं.

यंत्राने दाखवलं, तंतू चार मैलांवर संपतो. दुसरा लावला. चार. एकेक करत बाराही तंतू लावले, बोलण्याचासुद्धा; तो मोजून परत हेडसेटला जोडला. चारच मैल. त्यापुढे काच नव्हती.

"टकर... कुठे आहेस तू?"

"टोकाला."

"अरे, केबल तर चौथ्या मैलावर तुटलीय..."

"इथे फार अंधार आहे गं, डेला..."

भर दुपारी. मी प्रकाश बंद केला, हेडसेट काढून टेबलावर ठेवला. आणि दारावर थाप पडली.

मी दार उघडलं. टकर! डोक्यापासून बुटांपर्यंत चिखल.

"चौथ्या मैलावर डोंगर खाली आला. रस्ता, केबल, गाडी, सगळं गेलं. चालत आलो. काय गं, सासू बघितल्यासारखा चेहरा केलायस?"

मी त्याला घट्ट धरलं. तो गारठला होता. अंगाला नुकत्याच खणलेल्या मातीचा वास. डोंगर कोसळल्यावर येणारच, मी मनाशी म्हटलं.

तेवढ्यात टेबलावरून बारीक आवाज आला. त्याचाच. धापा टाकणारा.

"डेला... दार उघडलंस का? कोण... कोण आलंय आत?"

माझ्या मिठीतल्या टकरनेही तो ऐकला. माझ्याकडे न बघता त्याने हात मागे नेला आणि दाराची कडी सावकाश आतून सरकवली.