पॉइंट चार मिलिमीटर

ही घटना खरी आहे. हाडं मोजणं हा माझा व्यवसाय आहे. मापात नसलेलं सांगायची मला सवय नाही.

एकदाच सांगितलं. त्याचीच ही हकिकत.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. दुपारचे अडीच. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, वीजही गेलेली नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाची निराशा व्हायला नको.

जागा आमच्या संस्थेचं तळघर. उत्खननातून आलेले सांगाडे तिथे ठेवतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वस्तीतली माणसं, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, फळ्यांवर ओळीने. छताला लागून एकच लांबट खिडकी. ती रस्त्याच्या पातळीला येते, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसतात.

ताई ती पावलं बघत डबा खायच्या.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझ्याआधी तेरा वर्षं तिथे आलेल्या, म्हणून ताई. एकूण एकोणीस वर्षं त्या कंत्राटावर होत्या. अकरा महिने काम, एक महिना घरी, पुन्हा अकरा महिने. सलग वर्ष भरलं तर माणूस कायम करा म्हणेल, म्हणून मध्ये ती फट ठेवायची.

मीही तशीच कंत्राटावर होते. फक्त माझी फट वेगळ्या महिन्यात यायची.

ताईंचा विषय होता गुडघे टेकून काम करणाऱ्या बायका. माणूस वर्षानुवर्षं गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून बसला, की पावलाच्या हाडाला बोटांच्या मुळाशी एक छोटी गुळगुळीत जागा तयार होते. ज्यांच्या दफनात एक मणीसुद्धा ठेवलेला नव्हता, अशा बायकांच्या हाडांवर ताईंना ती खूण सापडत होती.

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, यांचा विषय तलवारी.

"तलवारीला काचेची पेटी," ताई म्हणायच्या, "आणि मोलकरणीला पुठ्ठ्याचं खोकं. मेल्यावर सगळे सारखे म्हणणाऱ्याला एकदा आपल्या तळघरात आणा गं."

तरुणपणी एका उत्खननात खड्ड्याची कड ढासळली आणि ताईंच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. ते वाकडं जुळलं. हाडं मोजायच्या कॅलिपरचा सरकता जबडा अंगठ्याने दाबून हाडाला टेकवायचा असतो. ताईंचा अंगठा पूर्ण दाबायचा नाही. त्यामुळे त्यांचं प्रत्येक माप खऱ्यापेक्षा पॉइंट चार मिलिमीटर जास्त यायचं.

त्यांना ते ठाऊक होतं. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्या लिहायच्या: "माझी चूक: ०.४ जास्त. वजा करून वाचावे."

मी एकदा हसले होते.

"हसतेस काय? चूक सगळ्यांचीच असते. पहिल्या पानावर लिहून टाकली की ती चूक राहत नाही, माहिती होते."

आमची पद्धत साधी. एकीने मोजायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसरीने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच लिहायचा. आकडा चुकीचा वाटला तर परत म्हणायचा नाही, गप्प राहायचं. मग पहिली पुन्हा मोजते.

सहा वर्षं ताई मोजत होत्या आणि मी परत म्हणत होते.

ताई गेल्या त्या फटीच्या महिन्यात. भाड्याच्या खोलीत, हृदय बंद पडून. संस्थेच्या फलकावर श्रद्धांजलीचा कागद लागला नाही. कार्यालयातल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "त्या तारखेला बाई आपल्या कर्मचारी नव्हत्या."

दहा दिवसांनी त्यांचा भाऊ एक पिशवी घेऊन आला. आत सात वह्या.

"तुमच्या कामाच्या असतील. आम्हाला त्यातलं काय कळणार? रद्दीत टाकवेना."

वह्या घेऊन मी सरांकडे गेले. संस्थेत त्या वर्षी एकच कायम जागा निघणार होती आणि त्यासाठी स्वतःच्या नावावर एक शोधनिबंध लागत होता.

"सोनं आहे हे," सर म्हणाले. "लिहून काढ. तुझं नाव, माझं नाव. बास."

"आणि ताईंचं?"

"अगं, गेलेल्या माणसाला कुठली मुलाखत द्यायची आहे? तुला द्यायची आहे."

"पण मापं त्यांची आहेत, सर. पॉइंट चारची दुरुस्ती लिहायची तर कोणाच्या हाताची, ते लिहावंच लागेल."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"वजा कर आणि मोकळी हो."

मी वजा केलं. दोनशे बारा हाडांमधून, प्रत्येकातून पॉइंट चार. वर लिहिलं: सर्व मापे प्रथम लेखिकेने घेतली आहेत.

एका संध्याकाळचं काम होतं ते. जेवायच्या वेळेला घरीही पोचले.

महिन्याभराने नियतकालिकाचं पत्र आलं. निबंध आवडला होता. एकच अट होती: त्याच व्यक्तीने तीस हाडं पुन्हा मोजावीत आणि जुनी व नवी मापं किती जुळतात ते कळवावं.

म्हणून त्या मंगळवारी मी तळघरात गेले. मी चांगली मोजते, माझा अंगठा सरळ आहे, त्यामुळे काळजी नव्हती. ताईंच्या वह्या मुद्दाम वर, कुलपात ठेवल्या होत्या. जुना आकडा डोळ्यांसमोर असला की हात त्याच्याकडे ओढला जातो. ही मात्र प्रामाणिक काळजी मी घेतली. माणूस कुठे प्रामाणिक राहील, सांगता येत नाही.

किल्लीवाल्या मामांनी दार उघडून दिलं आणि ते बाहेर स्टुलावर बसले.

पहिलं हाड. जबडा टेकवला, नीट दाबला.

"अठ्ठावन्न पॉइंट सहा," मी सवयीने मोठ्याने म्हटलं आणि लिहिलं.

दुसरं हाड. "सत्तावन्न पॉइंट एक."

तिसऱ्या हाडाला माझ्या लक्षात आलं...

मी आकडा म्हटल्यावर कोणीतरी तो परत म्हणत होतं.

अगदी हलक्या आवाजात. झोपेत असलेल्या माणसाला उठवायचं नसतं, तसं.

प्रतिध्वनी असेल, असं मनाशी म्हटलं. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेल्या खोलीत प्रतिध्वनी येत नाही. पुठ्ठा आवाज शोषतो. हे मला ठाऊक होतं आणि त्या क्षणी ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

वर खिडकीकडे बघितलं. भर दुपारचा रस्ता...

एकही पाऊल दिसत नव्हतं.

मी उठले नाही. का, ते सांगते. तीस मापं झाल्याशिवाय जागा मिळणार नव्हती.

चौथं. पाचवं. दहावं. मी म्हणायची, थांबायची, तो आवाज म्हणायचा, मी लिहायची. सोळाव्यापर्यंत आमची लय लागली होती. "आमची" हा शब्द मी तेव्हाच मनात वापरला. मान मात्र एकदाही वळवली नाही.

सतरावं हाड.

"एकसष्ट पॉइंट दोन."

...

काहीच नाही.

मी थांबले. लयीत या वेळी आकडा आधीच लिहून टाकला होता.

पुन्हा पाहिलं. एकसष्ट नव्हे, साठ. मी रेघ चुकीची वाचली होती. लिहिलेलं खोडलं.

"साठ पॉइंट दोन."

"साठ पॉइंट दोन," मागून आलं. लगेच.

उरलेली तेरा हाडं मी कशी मोजली, आठवत नाही. बाहेर आले तेव्हा मामा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसले होते.

"आज बऱ्याच दिवसांनी आकडे कानावर पडले," ते म्हणाले. "बरं वाटलं हो. आधी बाई सांगणार, मागून तुम्ही म्हणणार. पहिल्यासारखं."

"मामा, आधी मी म्हणत होते."

"तुम्ही मागून म्हणत होतात. मी इथेच बसलोय ना."

"कुठल्या बाई, मामा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग आत न बघताच दार ओढलं, कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

वर जाऊन मी नवी मापं निबंधातल्या मापांशेजारी मांडली.

तीसच्या तीस पॉइंट चारने जास्त.

वाचणाऱ्याला हे कदाचित भीतीदायक वाटणार नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा. एकाच माणसाने एकच हाड दोनदा मोजलं तरी दशांशात थोडं इकडेतिकडे होतंच. कुठे कमी, कुठे जास्त. इथे फरकात फरकच नव्हता.

कुलूप काढून ताईंची वही उघडली. माझा प्रत्येक आकडा त्यांच्या आकड्याशी जुळत होता.

सतराव्या ओळीत एकसष्ट पॉइंट दोन लिहून खोडलेलं होतं. खाली साठ पॉइंट दोन. ती वही सहा वर्षांपूर्वीची, अक्षर माझंच. ताईंनी सांगितलेलं, मी लिहिलेलं.

सरांकडे गेले. आवाजाचं बोलले नाही. फक्त फरक दाखवला.

"पुन्हा वजा कर," सर म्हणाले. "आणि सगळीकडे सारखा ठेवू नकोस. थोडं इकडेतिकडे कर. खरं वाटायला हवं ना."

मी थोडं इकडेतिकडे केलं. खरं वाटलं. निबंध छापून आला, मला कायम जागा मिळाली. कार्यालयातल्या त्याच माणसाने अभिनंदन केलं.

त्यानंतर...

त्यानंतर माझं प्रत्येक माप पॉइंट चारने जास्त येतं. कॅलिपर बदलले, तीन वेळा. तपासणीसाठी पोलादाचा एक ठोकळा असतो, बरोबर दहा मिलिमीटरचा. विद्यार्थिनी मोजतात, दहा येतं. मी मोजते, दहा पॉइंट चार.

गेल्या हिवाळ्यात अंगठा वाकेनासा झाला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला.

"जुनं फ्रॅक्चर आहे. वीसेक वर्षांचं असावं. वाकडं जुळलंय."

"माझं हाड कधीच मोडलेलं नाही."

"विसरला असाल."

मी फोटो हातात घेतला. हाडं वाचणं हाच माझा धंदा आहे. डॉक्टर बरोबर सांगत होते. हे हाड मला ओळखीचं होतं. सहा वर्षं मी ते कॅलिपरवर टेकलेलं बघितलं होतं.

दुरुस्तीचं पत्र मी लिहून ठेवलंय. चार ओळी, ताईंचं पूर्ण नाव, पॉइंट चार. पाठवलं तर जागा जाईल. पाठवलं तर अंगठा सुटेल का? तसा काही पुरावा नाही. पत्र अजून खणात आहे.

इथे लिहिते आहे, कारण इथे नाव लागत नाही आणि खरं लिहिलं तरी कोणी खरं मानत नाही.

आणखी एक.

या महिन्यापासून उजव्या पावलात, बोटांच्या मुळाशी, काहीतरी खुपतंय. गुडघे टेकून काम करणाऱ्यांना खुपतं तिथेच.

मी आयुष्यभर खुर्चीत बसून काम केलं आहे.

एक्स-रे अजून काढलेला नाही.