न बोलावता यायचा दिवस

त्याचं कपाळ माझ्या पावाच्या टपरीच्या दांडीवर आपटलं, आणि भाजत्या मिरच्यांच्या धुरातून आवाज आला, "आई गं..."

"बास्केटबॉलची रिंग याहून उंच असते ना?" मी म्हटलं. "तिथे तर कधी चुकला नाहीत."

कपाळ चोळत तो हसला. "ओळखलंत म्हणजे."

"अख्ख्या चाचाक गावात तुम्हाला न ओळखणारं एकच माणूस, माझी आई. तिला व्हॉलीबॉल आवडतो."

रेल्या. पंधरा वर्षं वालेन्सिया, पिरेयस, इस्तंबूल गाजवून, गुडघ्याने दगा दिल्यावर बास्केटबॉल सोडून गावी परतलेला. त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. रोज एक अख्खा पाव.

"एकट्या माणसाला एवढा?"

"अर्धा नदीवरच्या बदकांना."

"लठ्ठ होतील बिचारी."

"होऊ देत. पाव संपला, तरच उद्या यायला कारण..."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हालाही कळलं नाही. बाजारातल्या मिरच्या संपल्या, झाडांची पानं मोरावा नदीत वाहून गेली, आणि एका सकाळी तो म्हणाला, "अथेन्सचा क्लब कोच म्हणून बोलावतोय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

पिठात माझे हात थांबले. "आणि तुझं मन?"

"मन..." त्याने हातातला गरम पाव उलटा केला, सुलटा केला. "खेळताना मी कधी पास मागितला नाही, कोसारा. मोकळ्या जागी जाऊन उभा राहायचो, बॉल यायचा. आता कुठे उभं राहायचं, तेच कळत नाही."

मी एवढंच म्हटलं, "रविवारी आमची स्लावा. संत दिमित्रीचा दिवस."

घराण्याच्या संताच्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, दार उघडं असतं. आणखी एक शब्द बोलले असते, तर ते आमंत्रण झालं असतं. म्हणून पुन्हा पीठ मळू लागले.

रविवारी मेणबत्ती पेटली, सणाचा पाव मोडला, शेजारी आले, जेवले, गायले. तो आला नाही. माझ्या शेजारची खुर्ची मी कुणाला दिली नाही. दुपार कलली, तेव्हा आईने पडदा सारला आणि गुणगुणली,

"दारी अक्रोड, त्याला पान नाही,
उंच पाहुण्याला घरचं भान नाही."

मी बाहेर धावले. अक्रोडाखाली तो... कोट, टाय, काखेत वाइनची बाटली.

"कधीपासून उभा आहेस?"

"दुपारपासून. तू बोलावलं नाहीस ना... परक्या मुलखात सवय लागली, बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही."

"स्लावाला कुणी बोलावतं का? चाचाकचाच ना तू?"

त्याने जीभ चावली. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"मी आत्ताही बोलावत नाहीये," मी म्हटलं. "दार उघडं टाकून आलेय, एवढंच. वारा आईच्या मानेला लागतोय, आणि जगात तिला भीती आहे ती फक्त वाऱ्याच्या झोताची. मोकळी जागा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात आहे. माझ्या शेजारी."

आणि वळले. मागे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती; खडीवर पावलं वाजत होती, एक हलकं, एक दुखऱ्या गुडघ्याचं जड.

या वेळी चौकटीखाली तो नीट वाकला. आईने गोड गव्हाची वाटी पुढे केली.

"आमच्याकडे एकदा आलेला दरवर्षी येतो, बाळा. आधीच सांगून ठेवते."

त्याने रीतीप्रमाणे एक घास खाल्ला, चमचा पाण्याच्या पेल्यात सोडला, आणि आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग पंचाईत आहे, काकू. अथेन्सहून दरवर्षी यायचं म्हणजे लांब पडेल."

"पडेलच."

"म्हणून... जातच नाही. हिच्यापासून लांब राहायचं मला जमणारही नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग मान वळवून दाराकडे.

"मग ते दार लाव आधी. वारा येतोय."

त्याने जागचा न हलता लांब हात मागे नेला, आणि आतून दार लावलं.